ढालमाशीच्या शोधात जीबीआयएफ कितपत कामाचं?

मसुराच्या दाण्याएवढा जीव, पाठीवर चकचकीत निळी किंवा तपकिरी गोल ढाल, बसलेला ओहोळाकाठच्या ओल्या पानावर. पहिल्या नजरेत कोणीही त्याला भुंगेराच म्हणेल. प्रत्यक्षात ती माशी असते: सेलिफिडी कुलातली सेलिफस. मराठीत तिला रूढ नाव नाही, म्हणून इथे तिला ढालमाशी म्हणू. वक्षाच्या मागच्या टोकाला सगळ्याच माश्यांना ‘स्क्युटेलम’ नावाची छोटी पट्टी असते. लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थच ‘लहान ढाल’. ढालमाशीत ही पट्टी फुगून अख्खं उदर झाकते आणि मिटलेले पंखही तिच्याखाली जातात.

असल्या कमी अभ्यासलेल्या प्रजातीची माहिती शोधायची झाली की आज बहुतेक जण आधी जीबीआयएफ (ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी) उघडतात. २००१ साली सुरू झालेली ही आंतरराष्ट्रीय सेवा आहे, तिचं सचिवालय कोपनहेगनला आहे आणि ती पूर्ण मोफत आहे. जगभरच्या संग्रहालयांतले नमुने, निसर्गप्रेमींनी टाकलेले फोटो आणि शोधनिबंधांतल्या नोंदी इथे एकाच ठिकाणी शोधता येतात. वाघ किंवा मोर शोधायचा असेल तर सेवा चांगली वाटणारच, तिथे नोंदींचा पूर आहे. खरी परीक्षा होते ती जिच्या नोंदी मोजक्या आणि जिची जाती ओळखणारे त्याहून मोजके, अशा प्रजातीवर. (इथे प्रजाती म्हणजे ‘जीनस’ आणि जाती म्हणजे ‘स्पीशीज’; बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.) म्हणून हे परीक्षण सेलिफसच्या निमित्ताने.

आमचं मत आधीच सांगतो. कोणता नमुना कोणत्या संग्रहालयात आहे, हे शोधायला जीबीआयएफला तोड नाही. नावांच्या बाबतीत ते मध्यम आहे, पडताळूनच घ्यावं. आढळाचा नकाशा मात्र पहिल्या पानावर दिसतो तसा उचलू नये. कुठे कोणी शोधलं आणि कोणी संगणकावर चढवलं, एवढंच तो नकाशा सांगतो. ढालमाशी कुठे राहते हे त्यातून आपल्याला काढावं लागतं.

सुरुवात नावापासून. शोधाच्या चौकटीत रोमन लिपीत सी-ई-एल-वाय-पी-एच-यू-एस असं टाकायचं. सेवेची भाषा इंग्रजीसह अनेक जागतिक भाषांत बदलता येते, मराठी त्यात नाही. नाव टाकताच सुचवण्यांची यादी येते. तिच्यातून कुलाखालची प्रजातीच निवडा. नुसतं एंटर दाबलं तर मजकुरात कुठेही हा शब्द असलेल्या नोंदी मिसळतात.

सेलिफस ही प्रजाती स्वीडिश कीटकतज्ज्ञ योहान विल्हेल्म डालमान यांनी १८१८ मध्ये मांडली, सेलिफस ऑब्टेक्टस या जातीवर. पुढे १९१४ मध्ये हेंडेल यांनी लांबट ढालीच्या माश्यांसाठी स्पॅनिओसेलिफस ही वेगळी प्रजाती केली. त्यामुळे आज स्पॅनिओसेलिफस स्कुटॅटस म्हणून ओळखली जाणारी जाती १८३० मध्ये वीडेमान यांनी सेलिफस म्हणूनच वर्णिली होती. तिसरं नाव पॅरासेलिफस. बिगो यांनी १८५९ मध्ये ती प्रजाती म्हणून मांडली, पुढे ती सेलिफसची उपप्रजाती (सबजीनस) म्हणून धरली गेली. आता एखाद्या संग्रहालयाच्या ड्रॉवरवर जुनं नाव असेल तर नोंदही त्याच नावाने चढते. जीबीआयएफकडे नावांचा एक पाठकणा (‘बॅकबोन’), म्हणजे आधाराला धरलेली नावांची यादी आहे, तो जुनं नाव चालू नावाला जोडायचा प्रयत्न करतो. कधी जोडतो, कधी नाही. म्हणून एका शोधावर थांबू नका. सेलिफस, स्पॅनिओसेलिफस आणि पॅरासेलिफस असे तिन्ही शोध घ्या, आणि चौथा शोध अख्ख्या सेलिफिडी कुलाचा. कुलाच्या शोधात फक्त कुलापर्यंत ओळखलेले नमुनेही सापडतात. कधीच कोणी नीट न पाहिलेला मौल्यवान माल बहुतेकदा तिथेच असतो.

जुळवणीतली आणखी एक खोच लक्षात ठेवायला हवी. संग्रहालयाने जातीचं नाव दिलं असेल, पण ते पाठकण्यात नसेल, तर जीबीआयएफ ती नोंद वरच्या पातळीवर, म्हणजे नुसत्या ‘सेलिफस’वर टांगून ठेवतं. पडद्यावर आपल्याला वाटतं की जाती कोणी ओळखलेलीच नाही. उतरवलेल्या फाइलमध्ये ‘व्हर्बॅटिम सायंटिफिक नेम’ असा स्तंभ असतो, त्यात मूळ मालकाने लिहिलेलं नाव जसंच्या तसं राहतं. तो स्तंभ आणि ‘सायंटिफिक नेम’ शेजारी ठेवून फरक असलेल्या ओळी वेगळ्या काढा. अशा ओळींवर ‘टॅक्सन मॅच हायर रँक’ ही खूणही सहसा दिसते. ‘टॅक्सन मॅच फझी’ अशी खूण असेल तर स्पेलिंगच्या अंदाजाने जुळवणी झालेली असते. तिथे प्रत्येक ओळ स्वतः वाचायची.

यादीत कधी जातीच्या नावाऐवजी ‘बोल्ड’ आणि पुढे अक्षरं-आकडे अशी विचित्र नावं दिसतात. ते डीएनए बारकोडवरून पाडलेले गट असतात. मॅलेझ सापळ्यात (उडते कीटक पकडणाऱ्या जाळीच्या तंबूत) पडलेल्या माश्यांचे पाय काढून बारकोड केले जातात आणि त्यांच्या नोंदी अशा येतात. नाव नाही म्हणून त्या टाकून देऊ नका. ठिकाण त्यांचं सहसा नेमकं असतं, कारण सापळ्याची जागा जीपीएसने घेतलेली असते. फक्त जातींच्या यादीत त्या एकेक जात म्हणून मोजू नयेत.

आता नोंदींचा प्रकार. ‘बेसिस ऑफ रेकॉर्ड’ या चाळणीत तीन पर्याय आपल्या कामाचे. ‘प्रिझर्व्ड स्पेसिमेन’ म्हणजे टाचणीवरचा किंवा अल्कोहोलमधला नमुना. ‘ह्युमन ऑब्झर्व्हेशन’ म्हणजे मुख्यतः फोटो. ‘मटेरियल सायटेशन’ म्हणजे शोधनिबंधाच्या मजकुरातून उचललेली नोंद. या तिन्हींचा विश्वास एकाच मापाने मोजता येत नाही. नमुना पुन्हा तपासता येतो, म्हणून त्याचं वजन सर्वाधिक. शोधनिबंधातली नोंद तज्ज्ञाने केलेली असते, पण तोच नमुना संग्रहालयाच्या यादीतूनही आलेला असू शकतो. मग एक माशी दोनदा मोजली जाते. अशा जुळ्या नोंदी पकडायला ‘इज इन क्लस्टर’ ही चाळणी आहे. ती शंभर टक्के पकडत नाही, तरी संग्राहकाचं नाव, तारीख आणि गाव सारखं असलेल्या बऱ्याच ओळी हाती देते.

नमुन्यांच्या बाबतीत दोन स्तंभ सोन्यासारखे: ‘आयडेंटिफाइड बाय’ आणि ‘डेट आयडेंटिफाइड’. जोअ‍ॅन टेनोरियो यांनी १९७२ मध्ये आशियाच्या उष्ण पट्ट्यातल्या सेलिफिडी कुलाची सविस्तर पुनर्मांडणी केली. त्याआधी ओळखलेला आणि नंतर कोणी न पाहिलेला नमुना असेल तर जातीचं नाव कच्चं धरा, प्रजाती पक्की धरा. नमुना त्या पुनर्मांडणीच्या वेळी हाताळला गेला असेल तर ओळखीच्या चिठ्ठीवर तसं नाव आणि वर्ष असतं. हे स्तंभ रिकामे असतील तर नोंदीच्या पानावर लेबलाचा फोटो आहे का ते पाहा. अनेक मोठी संग्रहालयं आता टाचणीखालच्या सगळ्या चिठ्ठ्यांचा फोटो लावतात. ‘डेट.’ या अक्षरांपुढचं नाव ओळखणाऱ्याचं, ‘कॉल.’पुढचं गोळा करणाऱ्याचं.

भारतीय लेबलं वाचताना तर डोळ्यांत तेल घालावं लागतं. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. त्यामुळे ‘इंडिया’ लिहिलेला नमुना आजच्या म्यानमारचा असू शकतो. ‘बॉम्बे’चं तर विचारूच नका. ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी’ म्हणजे सिंधपासून उत्तर कानड्यापर्यंतचा मुलूख. संगणकावर चढवणाऱ्याने त्यातला ‘बॉम्बे’ एवढाच शब्द पकडला तर नकाशावरचा बिंदू थेट मुंबई शहरात पडतो. डोंगरातल्या ओलसर झाडीत राहणारी माशी फोर्टात दिसली की समजावं, ही ठिकाण लावण्यातली चूक आहे. तसंच ‘सिलोन’ (श्रीलंका), ‘सयाम’ (थायलंड), ‘कूर्ग’ (कोडगू), ‘तेनासेरिम’ (म्यानमारचा दक्षिण भाग) या नावांचं. नुसतं ‘इंड. ओर.’ (‘इंडिया ओरिएंटालिस’चं लघुरूप) असं लेबल असेल तर त्यातून आजचा देशसुद्धा काढता येत नाही, मग बिंदू कुठला?

तारखांचीही अशीच गत. जुने संग्राहक महिना रोमन आकड्यांत लिहीत, ‘१२’ आणि पुढे नवव्या महिन्याचा रोमन आकडा. ते वाचायला सोपं. पण ३-४-१९१२ असं असेल तर एप्रिल की मार्च, हे त्या संग्राहकाच्या बाकीच्या नमुन्यांवरून ठरवावं लागतं. शिवाय फक्त वर्ष माहीत असलेल्या नोंदींना काही याद्या आपोआप १ जानेवारी ही तारीख लावतात. ढालमाशी कोणत्या ऋतूत दिसते याचा आलेख काढणार असाल तर १ जानेवारीच्या सगळ्या नोंदी आधी बाजूला काढा. नाहीतर पावसाळी झाडीतला हा जीव आलेखात ऐन थंडीत सर्वाधिक दिसेल आणि त्यावरून निष्कर्षही निघेल.

नकाशावर बिंदू दिसतात ते फक्त अक्षांश-रेखांश असलेल्या आणि त्यात दोष न आढळलेल्या नोंदींचे. जुन्या नमुन्यांपैकी पुष्कळांना गावाचं नाव असतं, आकडे नसतात. ते नकाशावर येतच नाहीत. म्हणून नकाशा पाहून झाला की ‘टेबल’ उघडायचंच, आणि आकडे नसलेल्या ओळी हाताने वाचायच्या. आकडे असतील तर ‘कोऑर्डिनेट अनसर्टन्टी’ किती मीटर आहे ते पाहायचं. दशांशानंतर चार स्थळं म्हणजे साधारण ११ मीटरचा नेमकेपणा, एकच स्थळ म्हणजे साधारण ११ किलोमीटर. सपाट प्रदेशात ११ किलोमीटर चालून जातील. सह्याद्रीत तेवढ्या अंतरात आपण कोकणातल्या पायथ्याच्या गावातून घाटमाथ्यावर पोहोचतो, उंची हजार मीटरने बदलते, झाडी बदलते, पाऊस बदलतो. दोन पूर्ण वेगळ्या वस्त्या एका बिंदूत कोंबल्या जातात. अशा बिंदूंवर संगणकी प्रारूप चालवून ‘संभाव्य अधिवास’ रंगवणं हा वेळेचा आणि वाचणाऱ्याच्या विश्वासाचा अपव्यय आहे. दहा-बारा बिंदू असतील तर सरळ तक्ता द्या: ठिकाण, उंची, तारीख, नमुना क्रमांक, कोणी ओळखला. वाचणाऱ्याला तोच अधिक उपयोगी पडतो.

फोटोंच्या नोंदींचं गणित निराळं आहे. त्या बहुतांश आयनॅचरलिस्ट या निसर्गनिरीक्षणांच्या संकेतस्थळावरून येतात, तेही सगळ्या नाहीत. तिथे तारीख, ठिकाण, फोटो आणि दोनतृतीयांशहून अधिक सहमतीने जातीपर्यंत ओळख झाली की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि मगच जीबीआयएफकडे जाते. ढालमाशीची जात फोटोवरून ठरणं अवघड. नरांची जननेंद्रियं पाहावी लागतात, ढालीच्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. परिणाम असा की चांगल्या फोटोंच्या नोंदीही ‘नीड्स आयडी’मध्ये अडकून राहतात आणि जीबीआयएफच्या नकाशावर ती जागा कोरी दिसते. यावर रस्ता आहे. प्रजातीपर्यंत ओळख पक्की असेल आणि पुढे जाणं फोटोवरून शक्य नसेल, तर नोंदीच्या तळाशी ओळख आणखी सुधारता येईल का, असा प्रश्न असतो. त्याला ‘नाही’ असं मत द्यायचं. मग कुलाच्या खालच्या पातळीवरही नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होऊ शकते. सेलिफससारख्या प्रजातीसाठी ही सोय फार मोलाची आहे आणि तिचा वापर फार कमी होतो.

परवान्याकडेही लक्ष असू द्या. आयनॅचरलिस्टवर नोंदीचा परवाना आणि फोटोचा परवाना वेगवेगळे असतात. नोंदीवर ‘सर्व हक्क राखीव’ लावलं असेल तर ती कितीही पक्की असली तरी पुढे जात नाही. आणि ठिकाण ‘ऑब्स्क्युअर’ केलेलं असेल तर खरा बिंदू लपवून अंदाजे २२ किलोमीटर बाजू असलेल्या चौकोनात कुठेही टाकला जातो. अशा नोंदीची उंची काढत बसू नका.

फोटोवरून प्रजाती तरी पक्की कशी करायची? सगळ्यात मोठा गोंधळ भुंगेऱ्यांशी आणि ढेकणांशी होतो. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ शिवण असते, कारण तिथे दोन कठीण पंख एकमेकांना भिडलेले असतात. ढालमाशीची ढाल एकसंध असते, शिवण नाही. ढाल-ढेकणांचीही ढाल एकसंध असते, म्हणून तिथे शिवणीचा उपयोग नाही. त्यांच्या तोंडाला पोटाखाली दुमडलेली सोंड असते आणि शृंगिका (अँटेना) लांब, सांध्यासांध्यांच्या. ढालमाशीच्या शृंगिका आखूड असतात आणि त्यांवर अरिस्टा नावाचा काटा असतो, तोही बुडाशी चपटा, पानासारखा. म्हणून एक फोटो पुरत नाही. वरून एक, बाजूने पाय आणि डोकं दिसेल असा एक, समोरून चेहरा आणि शृंगिकांचा एक. जमलं तर काचेच्या नळीत घेऊन खालून एक. सेलिफस आणि स्पॅनिओसेलिफस यांतला फरक ढालीच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावर बराचसा अवलंबून असल्याने वरचा फोटो तिरका घेऊ नका. तिरक्या फोटोत गोल ढाल लांबट दिसते.

माहिती उतरवून घ्यायला खातं लागतं, नुसतं पाहायला लागत नाही. उतरवताना ‘सिंपल’ आणि ‘डार्विन कोअर अर्काइव्ह’ असे पर्याय येतात. घाईत सगळे ‘सिंपल’ घेतात. कमी अभ्यासलेल्या प्रजातीसाठी ‘डार्विन कोअर अर्काइव्ह’च घ्या. त्यात जीबीआयएफने लावलेला अर्थ एका फाइलमध्ये आणि मूळ मालकाचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये असतो, दोन्ही ताडून पाहता येतात. फोटोंचे दुवे तिसऱ्या फाइलमध्ये. ‘सिंपल’ची फाइल सीएसव्ही म्हणून येते, पण आतली विभागणी स्वल्पविरामाने नाही, टॅबने असते. एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की स्तंभ विस्कटतात, परदेशी नावांतली अक्षरं बिघडतात आणि काही नमुना क्रमांकांच्या तारखा होतात. ‘डेटा’मधून मजकूर आयात करा, संकेतन यूटीएफ-८ निवडा, नमुना क्रमांकाचा स्तंभ ‘टेक्स्ट’ ठेवा. प्रत्येक डाउनलोडला स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळख-दुवा मिळतो. लेखात तोच द्यायचा, म्हणजे वाचणाऱ्याला नेमकी तीच माहिती पुन्हा उघडता येते. मोफत सेवेत ही सोय आहे याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

भारतापुरती एक मोठी उणीव सांगायलाच हवी. आपल्याकडे द्विपंखी कीटकांवरच्या जुन्या फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया मालिकेच्या खंडांत सेलिफिडी कुल आलंच नाही. देशातले जुने नमुने मुख्यतः कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात आणि युरोपातल्या संग्रहांत वाटले गेले. जी कपाटं अजून संगणकावर चढलेली नाहीत ती नकाशावर कोरी दिसतात. महाराष्ट्रात काम करणाऱ्याने म्हणून पुण्याच्या आकुर्डीतल्या त्याच विभागाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राला लेखी विचारणा करावी. कोऱ्या नकाशावरून ‘इथे आढळत नाही’ असं लिहू नये. नावांसाठी सिस्टेमा डिप्टेरोरम हा माश्यांच्या नावांचा माहितीसंच, आणि जातींच्या पायाभूत यादीसाठी डेल्फिनाडो आणि हार्डी यांच्या आशियाई माश्यांच्या सूचीचा १९७७ चा तिसरा खंड. या दोन्हींशी ताडल्याशिवाय जीबीआयएफवरची जातींची यादी छापायला देऊ नका.

चूक सापडली तर काय करायचं, हा सेवेचा सर्वांत कमी वापरला जाणारा भाग. जीबीआयएफ स्वतः नोंद दुरुस्त करत नाही, दुरुस्ती मूळ मालकाने करायची असते. फोटोची नोंद असेल तर आयनॅचरलिस्टवर जाऊन योग्य ओळख नोंदवा, बदल पुढच्या अद्ययावत फेरीत आपोआप पोहोचतो. नमुन्याची असेल तर नोंदीच्या पानावर अभिप्रायाची खूण आहे आणि संग्रहाचा संपर्कही दिलेला असतो. ‘ठिकाण चुकलंय’ एवढंच लिहिलं तर उत्तर येण्याची आशा धरू नये. संग्रह सांभाळणाऱ्या माणसाला ड्रॉवर उघडायला लागणारं सगळं द्या: नमुना क्रमांक, सध्या काय लिहिलंय, काय असायला हवं आणि का. उदाहरणार्थ: ‘लेबलाच्या फोटोत बॉम्बे प्रेसिडेन्सी, नॉर्थ कानारा असं वाचता येतं. सध्याचा बिंदू मुंबई शहरात आहे. नॉर्थ कानारा म्हणजे आजच्या कर्नाटकातला उत्तर कन्नड जिल्हा. बिंदू जिल्ह्याच्या मध्यावर घेऊन अनिश्चितता त्या प्रमाणात वाढवावी किंवा बिंदू काढून फक्त जिल्हा ठेवावा.’ चार ओळी, एक नमुना. एका पत्रात दहा नमुने कोंबण्यापेक्षा दहा नमुन्यांचा छोटा तक्ता जोडा, आणि प्रत्येक ओळीत लेबलाचा मूळ मजकूर जसा आहे तसा उतरवा.